चोर पळाला, भुर्दंड कुणाला?

आमच्या जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात, शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांना दारं नाहीत, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगताना आम्हा नगरकरांची छाती जरा फुगतेच. २०११ मध्ये युको बँकेनं तिथं शाखा उघडली ती कुलूप न लावता! पण २०१० मध्ये तिथंच एका भाविकाच्या गाडीतून पैसे आणि ऐवज गेल्याची तक्रार झाली होती. म्हणजे देवाच्या दारातसुद्धा चोराचं लक्ष गेलं ते गाडीकडेच. बाकी जिल्ह्यात तर विचारायलाच नको. मोटारसायकल चोरीची बातमी नाही असा दिवस क्वचितच उजाडतो.

गाडी चोरीला गेली की ज्याची गेली त्याची सगळ्यांना कीव येते. यायलाच हवी. पण त्याच चोरीच्या गाडीनं पळता पळता दुसऱ्याच कुणाची गाडी चिरडली तर? तिचा ना चोराशी संबंध, ना चोरीला गेलेल्या गाडीच्या मालकाशी. तिच्या नुकसानीचं काय? हा प्रश्न आमच्या बचत गटात प्रत्यक्ष उभा राहिला, तेव्हा तिथं बसलेल्या वीस बायकांपैकी एकीलाही उत्तर सांगता येईना. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या गटातली एक मैत्रीण सावेडीत राहते आणि नागापूरच्या एमआयडीसीतल्या कामगारांना डबे पोचवते. रोजचे तीसेक डबे. पुढं-मागं पिशव्या अडकवून स्कूटीवर निघते. एका पहाटे तिच्या गल्लीत एक भरधाव पिकअप शिरली. तिनं ओळीनं लावलेल्या तीन गाड्या उडवल्या आणि विजेच्या खांबाला जाऊन धडकली. चालवणारा उतरून अंधारात पसार! दिवस उजाडल्यावर कळलं, की पिकअप आदल्या रात्रीच दुसऱ्या गावातून चोरीला गेली होती. मालक आला तो चोरीच्या तक्रारीची प्रत हातात घेऊनच. म्हणाला, "ताई, माझंच नुकसान झालंय. मी गाडी चालवली नाही, कुणाला चालवायला दिली नाही. मी कुठून भरून देऊ?" त्याचंही खोटं नव्हतं. त्याच्या विमा कंपनीच्या शाखेत गेलो, तर तिथले साहेब म्हणाले, "आमच्या विमेदाराची चूकच नाही, तर आम्ही कशाचे पैसे द्यायचे?" आणि हिच्या स्वतःच्या विम्याचं म्हणाल, तर ही अगदी निर्धास्त होती. "माझा पाच वर्षांचा विमा आहे ना!" कागद उघडून पाहिला तर तो विमा होता फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा. स्वतःच्या स्कूटीसाठी त्यात एक पैसाही नव्हता. गॅरेजवाल्यानं खर्च सांगितला एकवीस हजार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही अशी!

इथं थोडं थांबून विम्याचा कागद समजून घेऊ या. कंटाळवाणं वाटेल, पण मैत्रिणींनो, रेशनकार्डाइतकाच हा कागद महत्त्वाचा आहे.

गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. पहिला सक्तीचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार तो नसेल तर गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. आणली आणि पकडली गेली तर पहिल्या वेळी दोन हजार आणि पुढच्या वेळी चार हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. या विम्याला थर्ड पार्टी म्हणतात. आपल्या गाडीमुळं दुसऱ्याचा जीव गेला, दुसरा जखमी झाला किंवा दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई यातून होते. यात आपण पैसे भरतो ते दुसऱ्यासाठी. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीचा. अपघात, आग, चोरी, पूर यांत आपल्या गाडीचं जे नुकसान होईल ते या भागातून मिळतं. तो ऐच्छिक आहे. दोन्ही भाग एकत्र असले की त्याला पूर्ण विमा किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतात.

आता ती पाच वर्षांची गोम. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळं १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकी घेताना पाच वर्षांचा आणि नवीन मोटार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. आदेश चांगलाच होता. पहिल्या वर्षानंतर लोक विम्याचं नूतनीकरणच करत नव्हते आणि अपघातात सापडलेल्यांना काही मिळत नव्हतं. पण झालं काय, शोरूममध्ये गाडी घेताना 'पाच वर्षांची काळजी मिटली' एवढंच आपल्या कानावर पडतं. आपल्या स्वतःच्या गाडीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. तो संपला की कुणी आठवण करून देत नाही, आणि दिलीच तर घरातून उत्तर येतं, "आहे ना विमा अजून चार वर्षं!" आमच्या मैत्रिणीचं नेमकं हेच झालं होतं. त्या बैठकीतच सगळ्याजणींनी आपापले कागद मागवले. ज्यांच्याकडे दुचाकी होती, त्यांतल्या बहुतेकींची तीच गत निघाली.

समजा, तिचा पूर्ण विमा असता तर? मग चोर कोण, मालक कोण, चूक कुणाची, या भानगडीत तिला पडावंच लागलं नसतं. आपल्याच कंपनीला कळवायचं, त्यांचा सर्व्हेअर येऊन गाडी पाहतो आणि दुरुस्तीचे पैसे मिळतात. धडकणारी गाडी चोरीची होती म्हणून आपली कंपनी नाही म्हणू शकत नाही. पुढं त्या दुसऱ्या कंपनीकडून वसुली करायची की नाही, ते तिचं ती बघेल. मात्र त्यातही कात्री लागतेच. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी घट धरतात, आणि आजच्या स्कूटीत प्लास्टिकच जास्त. काही रक्कम सुरुवातीलाच आपल्याला सोसावी लागते. शिवाय वर्षानुवर्षं एकही दावा न केल्याबद्दल हप्त्यात जी सूट मिळते, पहिल्या वर्षाला वीस टक्के आणि वाढत वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत, ती एका दाव्यासरशी जाते. आपली गाडी दारात उभी असताना दुसऱ्यानं येऊन ठोकली, तरीसुद्धा! म्हणजे दंड आपल्यालाच. हे मला पटत नाही. पण निदान गाडी तरी रस्त्यावर येते.

आता पिकअपच्या विम्याकडे वळू. पिकअपला थर्ड पार्टी विमा होता. तो असतोच दुसऱ्यांसाठी. आणि आमची मैत्रीण 'दुसरी' नाही तर कोण? मग कंपनी नाही का म्हणते? कंपनीचं म्हणणं असं, की विमा मालकाच्या जबाबदारीचा असतो. मालकच जबाबदार नसेल, तर कंपनीही नाही. ऐकायला हे अगदी बरोबर वाटतं. पण आपल्या सर्वोच्च न्यायालयानं विमा कंपन्यांच्या अशा सबबी वेळोवेळी तपासल्या आहेत. १९८७ च्या स्कँडिया विरुद्ध कोकिळाबेन या गुजरातच्या खटल्यात ट्रकचा परवानाधारक चालक इंजिन चालू ठेवून खाली उतरला आणि क्लीनरनं ट्रक चालवला. त्यात एकाचा जीव गेला. मालकानं काही ट्रक क्लीनरच्या हातात दिला नव्हता, तेव्हा मालकानं अट मोडली असं होत नाही आणि कंपनीला सुटता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं. २००४ मध्ये स्वर्णसिंग यांच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी स्पष्ट केलं, की चालकाकडे परवाना नव्हता एवढं दाखवून कंपनीला हात झटकता येत नाहीत. मालकानं जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं अट मोडली, हे कंपनीनं सिद्ध करावं लागतं.

आता सांगा, ज्याच्या अंगणातून गाडी चोरीला गेली, त्यानं काय चोराला 'आधी परवाना दाखव' म्हणून विचारायचं? म्हणून परवान्याची सबब चोरीच्या गाडीत मुळातच लंगडी आहे. उरते ती एकच गोष्ट. मालकावर जबाबदारी येते की नाही? किल्ली गाडीतच ठेवली होती का, गाडी रात्रभर हमरस्त्यावर उघडी टाकली होती का, यावर बरंच अवलंबून असतं. चोरीच्या गाडीबद्दल न्यायाधिकरणांचे सगळे निकाल एका सुरात लागलेले नाहीत. म्हणजे एकवीस हजारांसाठी बाईनं दोन-तीन वर्षं तारखांना जायचं, वकील लावायचा आणि शेवटी काय मिळेल ते देव जाणे! डबे कोण पोचवणार तोवर?

आणि दावा जिंकला तरी पुढं एक पाचर मारून ठेवलेली आहे. थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मर्यादा असते. मोटारी आणि व्यापारी गाड्यांच्या विम्यात साधारणपणे साडेसात लाख रुपयांपर्यंत आणि दुचाकीच्या विम्यात एक लाखापर्यंत. पण मालकानं मनात आणलं तर ही मर्यादा सहा हजारांवर आणता येते. का आणायची? तर हप्त्यात मोटारीला शंभर रुपये आणि दुचाकीला पन्नास रुपये वाचतात म्हणून! शंभर रुपयांत हल्ली घरच्या सगळ्यांचा चहा-भजी तरी होते का? एकानं तेवढे वाचवायचे आणि त्यापायी दुसरीची भरपाई सहा हजारांवर अडायची. राहिलेले पैसे मालकाकडून मागा म्हणतात. म्हणजे पुन्हा तोच मालक, ज्याची गाडी चोरीला गेली होती!

ही काही एका गल्लीतली गोष्ट नाही. २५ जानेवारी २०१२ ची पुण्यातली सकाळ आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. आमच्या नगरमधून तर घरटी कुणीतरी शिक्षणाला, नोकरीला नाहीतर दवाखान्यासाठी पुण्यात असतंच. त्या दिवशी प्रत्येक घरातून फोन गेले होते. एसटीचा चालक संतोष माने यानं स्वारगेट आगारातून त्याच्याकडे न सोपवलेली बस बाहेर काढली आणि ती गर्दीच्या रस्त्यांवरून बेफाम पळवली. नऊ माणसांचा जीव गेला. तीसहून जास्त जखमी झाले. वाटेतल्या कितीतरी गाड्यांचा चुराडा झाला. त्याला २०१३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं फाशी सुनावली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द करून जन्मठेप दिली. सात वर्षं त्याची मानसिक अवस्था, त्याची शिक्षा यांवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. ते आवश्यकही होतं. गेलेल्या नऊ जीवांपुढं गाड्यांचं मोल ते काय!

तरीही मला विचारावंसं वाटतं. त्या चुराडा झालेल्या गाड्यांमध्ये एखाद्या नर्सबाईची मोपेड असेल, एखाद्या रिक्षावाल्याची हप्त्यावरची रिक्षा असेल. त्यांचं काय? सरकारी परिवहन मंडळांच्या गाड्यांना सक्तीच्या विम्यातून सूट देण्याची तरतूद कायद्यातच आहे, अट एवढीच की मंडळानं भरपाईसाठी स्वतःचा निधी ठेवायचा. म्हणजे तिथं विमा कंपनीही समोर नाही. ज्यांचा पूर्ण विमा होता, त्यांना आपल्या कंपनीचं दार ठोठावता येत होतं. ज्यांच्याकडे फक्त सक्तीचा विमा होता, त्यांच्या कागदात स्वतःच्या गाडीसाठी जागाच नव्हती. आणि असा फक्त सक्तीचा विमा कुणाकडे असतो? ज्याची गाडी जुनी, ज्याची कमाई थोडी, त्याच्याकडेच. म्हणजे ज्याला एक दिवसाचा खाडा परवडत नाही, त्याच्याच हातात सगळ्यात अपुरा कागद.

माणसाला इजा झाली तर कायदा आता बराच पुढं आला आहे, हेही सांगायला हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १६४ खाली मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मागता येतात, आणि त्यासाठी चूक कुणाची होती हे सिद्ध करावं लागत नाही. ठोकर देणाऱ्या गाडीचा पत्ताच लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. त्याचा अर्ज आपल्या तालुक्याच्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात द्यायचा असतो. २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत विनारोकड उपचारांची योजनाही आली आहे. इथं एक बारकावा लक्षात ठेवा. चोर पळाला पण गाडी सापडली, तर तो 'अज्ञात वाहनाचा' अपघात नव्हे. गाडी ओळखली गेली की पत्ता लागला. नंबरची पाटी खोटी असली तरी चासीच्या नंबरावरून मूळ गाडी शोधता येते. मग दोन लाखांवर समाधान मानायचं कारण नाही. मालक आणि त्याची विमा कंपनी यांच्यावर मोठा दावा करता येतो.

पण गाडीचं नुकसान? अज्ञात वाहनाच्या योजनेत त्यासाठी एक रुपया नाही. कलम १६४ मध्येही नाही. शरीराला लागलं तर कायदा आता 'चूक कुणाची' असं विचारत नाही. गाडीला लागलं की मात्र आधी तेच विचारतो. आणि चोरीच्या गाडीच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तर एकच, चूक चोराची. तो तर पळालेला. सापडला तरी त्याच्या खिशातून काय निघणार, कपाळ?

कुणी म्हणेल, जीव महत्त्वाचा, पत्रा नव्हे. अगदी कबूल. पण आपल्याकडे स्कूटी म्हणजे नुसता पत्रा नाही हो. केडगावहून शहरात धुणीभांड्याला येणारी, भिंगारहून शिकवणीला जाणारी, वाड्यावस्त्यांवर फिरणारी आशाताई, दूध घालणारी, पार्लरचं सामान घेऊन घरोघरी जाणारी, या सगळ्याजणींचे पाय म्हणजे ती गाडी. पाय मोडला तर भरपाई आणि गाडी मोडली तर नशीब, हा कुठला न्याय? गाडी बंद पडली की पहिल्या आठवड्यात डबे तुटतात, दुसऱ्या आठवड्यात गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. आमच्या मैत्रिणीनं शेवटी गटातून कर्ज काढून स्कूटी दुरुस्त केली. तीस डब्यांचे एकोणीस राहिले. चोरानं गाडी नेली दुसऱ्याची आणि व्याज भरतेय ही.

दुसरी बाजूही ऐकून घ्यायला हवी. विमावाले म्हणतात, सगळ्यांचंच नुकसान भरायचं ठरवलं तर हप्ते वाढतील, खोटे दावे येतील, आपणच गाडी आपटायची आणि चोराचं नाव सांगायचं असंही होईल. या भीतीत तथ्य आहे. पण त्यावर उपाय करता येतात. चोरीचा गुन्हा आधीच नोंदलेला असेल, गाडी जागेवर सापडली असेल, पोलिसांचा पंचनामा असेल, तरच पैसे द्या. रकमेला मर्यादा घाला. दुचाकी आणि रिक्षा यांच्यापुरतंच ठेवा. पण दारच बंद करून बसू नका.

हे काही आकाशातले चंद्र-तारे मागणं नाही. ब्रिटनमध्ये १९४६ पासून विमा कंपन्यांनी मिळून चालवलेली एक संस्था आहे, मोटर इन्शुरर्स ब्युरो. ज्याचा विमाच नाही किंवा ज्याचा पत्ता लागत नाही अशा चालकामुळं ज्यांचं नुकसान होतं, त्यांना ती भरपाई देते. तिचा पैसा येतो विमा उतरवणाऱ्या सगळ्यांच्या हप्त्यांतून. शिवाय तिथल्या कायद्यानुसार गाडी चोरीची होती एवढ्यावरून तिच्या विमा कंपनीला तिसऱ्या माणसाची भरपाई नाकारता येत नाही. चोराशी हिशेब कंपनीनं करायचा, सामान्य माणसानं नव्हे. आपल्याकडेही २०२२ मध्ये मोटार वाहन अपघात निधीचे नियम झाले आहेत. म्हणजे पेटी तयार आहे. तिच्यात छोट्या गाड्यांच्या नुकसानीचा एक कप्पा करायचा, एवढंच मागणं आहे. दुसरं मागणं, सहा हजारांची ती मर्यादा निवडण्याची सोयच काढून टाका. आणि तिसरं, स्वतःची काही चूक नसताना केलेल्या दाव्यामुळं हप्त्यातली सूट जाऊ नये. आपल्या भागाच्या खासदारांना हे पत्र लिहून कळवायला काय हरकत आहे? आमचा गट लिहिणार आहे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हातात जे आहे ते तरी करू या.

आधी कागद बघा. गाडी कुणाच्या नावावर आहे? चालवतो आपण, पण नोंदणी नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या नावावर असते. नुकसान भरपाईचा अर्ज मालकाला करावा लागतो, तेव्हा हे आधीच पाहून ठेवलेलं बरं. विम्याच्या कागदावर 'ओन डॅमेज' अशा नावाखाली तारीख कोणती आहे ते वाचा. ती उलटून गेली असेल तर आपल्या गाडीचा तेवढा भाग वेगळा घेता येतो. २०१९ पासून ती सोय आहे. मोबाइलवर एमपरिवहन अ‍ॅपमध्ये गाडीचा नंबर टाकला की विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. ठोकणाऱ्या गाडीचा नंबर टाकूनही ते पाहता येतं. विमा उतरवताना एजंटला विचारा, "दुसऱ्याच्या नुकसानीची मर्यादा किती ठेवलीय?" सहा हजार असेल तर पन्नास-शंभर रुपये जास्त देऊन वाढवून घ्या. उद्या आपल्याच गाडीखाली कुणाची तरी गाडी येऊ शकते.

आपल्या गाडीला कुणी ठोकलं, तर गाडी हलवण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. दोन्ही गाड्यांचे नंबर फोटोत येऊ द्या. पोलिसांना बोलवा आणि पंचनाम्यात आपल्या गाडीचा, तिच्या नुकसानीचा उल्लेख झालाच पाहिजे म्हणून ठाम उभ्या राहा. 'खांबाला धडकली' एवढंच लिहून लोक मोकळे होतात. चोरीचा गुन्हा कोणत्या ठाण्यात नोंदलाय त्याचा क्रमांक घ्या. आपला पूर्ण विमा असेल तर त्याच दिवशी कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत गाडी दुरुस्तीला देऊ नका. कंपनीनं दावा अडवला तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार द्या. महिन्याभरात दाद लागली नाही तर आपल्या जिल्ह्यासाठी पुण्याला विमा लोकपाल आहेत. तिथं फी नाही, वकील लागत नाही. पण लोकपालांकडे तक्रार आपल्या स्वतःच्या कंपनीविरुद्धच करता येते, ठोकणाऱ्याच्या कंपनीविरुद्ध नाही.

त्यासाठी आहे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. गाडीच्या नुकसानीसाठीसुद्धा तिथं अर्ज करता येतो, हे फार जणींना ठाऊक नसतं. कायद्यात त्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे, तेव्हा 'बघू दिवाळीनंतर' असं करू नका. वकिलाच्या फीची धास्ती वाटते? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार प्रत्येक स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. तिची कमाई किती, हे त्यात पाहत नाहीत. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथं जाऊन साध्या कागदावर अर्ज लिहून द्यायचा. लोकअदालतीत तडजोड झाली तर खेटेही कमी होतात. आमच्या मैत्रिणीचा अर्ज आता त्याच वाटेनं गेला आहे. मिळेल तेव्हा मिळेल, पण निदान सोडून तरी दिलं नाही.

आणि आपलीच गाडी चोरीला गेली तर? लगेच गुन्हा नोंदवा, अगदी त्याच तासाला. त्यामुळं गाडी सापडायला मदत होतेच, पण तिनं पुढं कुणाला धडक दिली तर 'गाडी माझ्या ताब्यात नव्हती' हे सांगायला तोच पुरावा असतो. पोलिसांत तक्रार लगेच दिली असेल, तर विमा कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये सांगितलंय. पण म्हणून उशीर करायचा असं नाही. आणि किल्ली! 'एक मिनिटात येते' म्हणत भाजीवाल्यापुढं किल्ली तशीच लावून उतरायची सवय सोडायला हवी. २०२३ च्या एका निकालात ट्रकमध्ये किल्ली राहिली होती, तर सर्वोच्च न्यायालयानं मालकाला भरपाई दिली ती पंचाहत्तर टक्केच. आपला पाव हिस्सा तर जातोच, पण त्या किल्लीनं सुरू झालेली गाडी पुढच्या वळणावर कुणाच्या स्कूटीवर जाईल, ते कुणी सांगावं?

घरातल्या सोन्याचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. गॅसचा नंबर कधी लावला, दुधाचे किती खाडे झाले, पोरांची फी कधी भरायची, सगळं डोक्यात असतं. गाडीचा कागद मात्र 'ते बघतात' म्हणून कपाटातल्या फायलीत पडून राहतो. आज दुपारी कामं आटोपली की ती फाइल काढा. एकच ओळ शोधायची आहे, माझ्या गाडीला काही झालं तर मला काय मिळणार? ती ओळ सापडली नाही, तर एजंटला फोन लावा. ते पैसे त्यांच्या नव्हे, आपल्या घरातून जातात.